उलटी बादली

पहाटे साडेचारला माझी पिवळी हातगाडी निघते
सुराबायात, कालव्याकाठच्या आमच्या गल्लीतून.
एकेचाळीस दारं, एकेचाळीस बादल्या.
मला कुणी काही सांगत नाही.
मला सगळं कळतं.

पाच नंबरात बाळ आलं, ते लंगोटांवरून.
नऊ नंबरचा हार्योनो पुन्हा सिगारेट ओढायला लागला,
थोटकं केकच्या खोक्यात दडवतो, बायको बघेल म्हणून.
माझ्यापासून काय दडवणार?
तीस नंबरात भात फार उरतो आता.
तिथला मुलगा घर सोडून गेलाय.

आणि पुड्या.
एका आंघोळीची पुडी, एका कपाची पुडी,
एका कालवणाची पुडी,
चिमूटभर जिन्नस आणि जन्मभराचं वेष्टन.
शहर पश्चिमेला वाढतंय म्हणतात, वाढत असेल.
मला ते पुलाच्या चढावर कळतं,
कंबरेत.

सतरा नंबर. वुर्यांतीबाई.
शाळेतून निवृत्त, घरात एकट्या.
त्यांची बादली सोमवारी रिकामी होती.
मंगळवारी रिकामी.
मी म्हटलं, गेल्या असतील बहिणीकडे मलांगला.
पण रात्री दिवा दिसायचा,
आणि दिवा काय, माणूस गेल्यावरही जळत राहतो.

तेवीस नंबरच्या म्हाताऱ्याची बादली
अशीच चार दिवस रिकामी होती, मागे एकदा.
तेव्हा मी दार वाजवलं नव्हतं.
ओझं कमी झालं म्हणून
शीळ घालत पुढे गेलो होतो.

अकराव्या दिवशी पोटात गोळा आला.
गाडी आडवी लावली आणि दोन्ही मुठींनी दार ठोकलं.
दार उघडलं. केसांना टॉवेल, हातात उलथनं.
"कोण मेलं?" बाईंनी विचारलं.

मला काही बोलता येईना.
मी बादलीकडे बोट दाखवलं.
त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.
आत नेलं. मोरीशेजारी धुण्याची जुनी टोपली,
आतून पुठ्ठा, वर भाताचा कोंडा, त्याखाली काळी माती.
"हात घाल," म्हणाल्या, शाळेत म्हणत असतील तशा.
घातला. आत ऊब होती,
अंड्यांवरून नुकत्याच उठलेल्या कोंबडीखाली असते तेवढी.
"गेल्या शुक्रवारची पपईची साल आहे त्यात. शोध."
सापडली नाही.

कोंड्याचा मांडा करणारी बाई ही, मी मनात म्हटलं.
तर म्हणतात, "टोपलीचं कौतुक नको.
टोपली शेवटी येते.
खरं काम बाजारात, पिशवी पुढे येते तेव्हा, नको म्हणायचं.
तेलाला माझी बाटली, टोफूला माझा डबा.
टेंपे केळीच्या पानातला, नाहीतर घरी परत.
दुकानदार पहिले आठ दिवस हसला.
आता मापात थोडं जास्तच घालतो."

मी ऐकलं. मग जे टोचत होतं ते विचारलं:
सगळ्यांनी असं केलं, तर माझं काय?
महिन्याचे पंधरा हजार कशाचे घेऊ?
बाई उलथनं धरून उभ्या राहिल्या.
"पैसे ओझ्याचे घेतोस, की येण्याचे?"
चुलीवर काहीतरी करपलं, त्या धावल्या.
उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

आता तशा टोपल्या बारा घरांत आहेत.
एकोणतीस घरांत नाहीत.
कालव्याच्या जाळीला पुड्या लटकतातच,
चंदेरी, माशांपेक्षा जास्त.
पण पूल चढताना मधे थांबावं लागत नाही.

एक मात्र झालं. बारा घरांच्या बातम्या बंद झाल्या.
कोण आजारी, कोणाकडे पाहुणे, काही कळेना.
मग मी विचारायला लागलो, तोंडानं,
कुंपणावरून, हँडल धरून.
हार्योनो म्हणाला सोडली सिगारेट.
खरं की खोटं, कसं सांगू?

सतरा नंबरशी माझी खूण ठरली आहे.
रोज पहाटे बादली उलटी घातलेली असते, म्हणजे:
टाकायला काही नाही, आणि मी आहे.
आज तिच्यावर मांजर झोपलं होतं.
मी हलकेच वाकून पाहिलं.
उलटीच होती.